आप्पाचं विरजण

सिरसाळ्याच्या भट्टीची दारू पिऊन माणूस सरळ चालत घरी जातो, ही बातमी आधी परळीला पोचली आणि मग बीडला आबकारीत. परळीला लोक हसले. कचेरीत हसायचा रिवाज नव्हता, म्हणून त्यांनी दरोगा पाठवला.

बातमी खरी होती. त्या साली मोह फुललाच नाही. झाडांवर निजामसरकारचा हुकूम चालत नाही, हे वरच्या लोकांना दर काही वर्षांनी नव्यानं कळायचं आणि दर वेळी ते तितकेच चकित व्हायचे. मग हुकूम निघाला, की मोह नसेल तर ज्वारीला मोड आणा आणि तिची दारू गाळा, पण गाळा. हुकूम काढणाऱ्यानं ज्वारी पाहिली असलीच तर भाकरीच्या रूपात.

सिरसाळ्यात हा हुकूम तुळजाबाई कलालणीच्या अंगणात येऊन पडला. परवाना तिच्या नवऱ्याच्या, रामकिसनच्या नावावर होता. रामकिसन पुढं दुकानात बसून बोलायचा आणि ती मागं अंगणात दारू करायची; दोघांनी कामं आपापल्या गुणांप्रमाणं वाटून घेतली होती. पडवीत बाजेवर रामकिसनचा चुलता पडलेला असायचा. त्याला सगळा गाव आप्पा म्हणायचा. आप्पा गेली कित्येक वर्षं मरत होता. सकाळी उठून तो सगळ्यांचा निरोप घ्यायचा आणि दुपारी भाकरी मागायचा. कुणाच्या ताटात उरलेलं, कालचं, परवाचं, पातेल्याच्या बुडाशी लागलेलं, सगळं आप्पाकडं जायचं आणि तिथून परत यायचं नाही. "भांडं घासाया सोपं जातं," एवढंच तुळजाबाई त्याच्याबद्दल चांगलं बोलायची.

दारूची रीत तिला सासूनं शिकवली होती. रांजणात मोहाची फुलं भिजत घालायची. वर आधीच्या रांजणातलं पळीभर विरजण सोडायचं. फेस चढतो, बुडबुडे बोलायला लागतात, गोड पाण्याचा सडवा होतो, आणि तो सडवा भट्टीवर चढवून दारू गाळायची. विरजण मात्र तरणं घ्यायचं, असा सासूचा दंडक होता. फेस रांजणाच्या गळ्याशी आला, की वरच्यावर पळी मारायची आणि पुढच्या रांजणात टाकायची. म्हातारं विरजण घेणारी कलालीण सासूच्या मते कलालीण नव्हेच.

ज्वारीलाही तिनं हीच रीत लावली. मोड आणले, वाळवले, भरडले, कोमट पाण्यात कालवून गाळून घेतलं. पाणी गोड झालं. विरजण टाकल्यावर फेसही असा उसळला, की रामकिसननं दुकानात बसूनच यशाची बातमी जाहीर केली. मग फेस खाली बसला आणि बसलाच. तुळजाबाईनं चाखून पाहिलं. सडवा अजून गोड होता. वाट पाहायची रीत नव्हती. तिनं तो तसाच भट्टीवर चढवला. पुढचा रांजण तसाच गेला, त्याच्या पुढचाही.

गिऱ्हाईक भाबडं असतं, पण या एका बाबतीत नाही.

"वैनी, ही दारू हाय का सरबत?"

"पी की गप. नवी हाय."

"नवी हाय ते कळलं. चढंल कवा?"

सरळ चालत घरी आलेला नवरा पाहून एका बाईनं दारातच "कोन पायजे?" असं विचारलं, अशीही गावात बोलवा होती.

दरोगा मुनव्वर अली हैद्राबादेत शिकलेला, टापटिपीचा माणूस होता. जन्मात दारूचा थेंब घेतलेला नसल्यानं तिच्याबद्दल त्याचं मत अगदी निष्पक्ष होतं. त्यानं पेटीतून कापसात गुंडाळलेली काचेची नळी काढली. तिच्या बुडाशी शिशाचे छरे होते आणि मध्यावर लाल रेघ.

"ही काय करती, साहेब?" तुळजाबाईनं विचारलं.

"ही खोटं बोलत नाही."

"मंग दुकानात बसवा की हिला."

रामकिसन खोकला. दरोग्यानं नळी सडव्यात सोडली. ती बदकासारखी वर तरंगत राहिली.

"देखो बाई. पाण्यात साखर हाय तोवर नळी तरंगती. साखर आंबून दारू झाली, की बुडती. लाल रेघ बुडली पायजे. तुमची निम्मी साखर तशीच हाय."

"आन न्हाई बुडली तर?"

"पुढच्या फेरीला येतो तोवर बुडवा. नाहीतर सिरसाळ्याची भट्टी बंद. परवाना परळीच्या मोहनरावांच्या भट्टीला जोडून टाकतो."

आयुष्यात पहिल्यांदाच सरकारी माणूस काहीतरी बुडावं म्हणून उघड उघड सांगून गेला.

भट्टी बंद पडली तर काय, हे घरात आधीच ठरलं होतं, म्हणजे रामकिसननं ठरवलं होतं. त्याची थोरली बहीण मनकर्णा गेवराईला असायची. तिचं घर मोठं, ओसरी मोठी आणि आवाज त्याहून मोठा. "आक्का कवाची बोलावतीय," रामकिसन म्हणायचा. "आयतं खायचं, ओसरीवर बसायचं. तुला काय जड हाय?" तुळजाबाईला जड काय होतं ते तिनं लग्नानंतर एका पावसाळ्यात पाहिलं होतं. मनकर्णेच्या घरी चुलीतलं लाकूड सरकवायचं तरी विचारून सरकवावं लागे. इथं अंगणात रांजण तिचे, भट्टी तिची, आणि चूक झाली तर तीही तिचीच. तिला इथंच राहायचं होतं आणि त्यासाठी काचेची एक नळी बुडायला हवी होती.

मग उपाय सुरू झाले. रामकिसनला प्रत्येक रोगावर धोत्रा माहीत होता; तुळजाबाईनं तो रांजणाजवळ येऊ दिला नाही. गूळ टाकून पाहिला. फेस दुप्पट उसळला, गोडी तेवढीच उरली. शेवटी तिनं शेजारच्या महारुद्र वाण्याला गाठलं. महारुद्र लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, दारूच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा. भट्टीकडची दुकानाची खिडकी त्यानं विटा लावून बुजवली होती, पण ज्वारी मात्र पुढल्या दारानं देत होता.

"आण्णा, कपिलधारला निघालाव म्हन. येताना तांब्याभर पानी आना की."

"आणतो. कुणाला बरं न्हाई का?"

"न्हाई खरं," तुळजाबाई म्हणाली. "पोट साफ होईना."

तिनं कुणाचं ते सांगितलं नाही आणि महारुद्रला वाटलं, आप्पाचं. त्यानं कपिलधारच्या धबधब्याचं पाणी श्रद्धेनं आणून दिलं. ते तिन्ही रांजणांत थोडं थोडं गेलं. रांजणांचं पोट तसंच राहिलं.

आणि अशात, नेहमीप्रमाणं सकाळी निरोप घेऊन, आप्पा दुपारी भाकरी मागायला उठला नाही.

इतक्या वर्षांच्या तालमीनंतर त्यानं हे काम इतकं झटपट उरकलं, की बराच वेळ कुणाचा विश्वास बसेना. रामकिसननं पातेल्याच्या बुडाची खरवड नाकाशी धरून पाहिली, तेव्हा खात्री पटली.

घराला सुतक लागलं. भट्टी विझली. तिन्ही रांजणांत ज्वारीचा सडवा होता. फेस येऊन बसलेला, अर्धा गोड. एरवी तुळजाबाईनं वरचं विरजण काढून पुढं लावलं असतं आणि सडवा गाळला असता. आता हात लावायची सोय नव्हती. रामकिसन महारुद्रकडं गेला.

"आण्णा, तुमच्यात सुतक पाळत न्हाईत ना?"

"न्हाई. आमच्यात मेलेला शिवाला मिळतो. सुतक कशाचं?"

"मंग येवढं काम करा. रांजनातलं वरचं इरजन पळीभर काढा आन..."

"रामकिसन," महारुद्र खिडकीच्या विटांकडं बघत म्हणाला, "मी सुतक पाळत न्हाई. दारूचा विटाळ पाळतो."

तेव्हा एकाला सुतक म्हणून चालेना आणि दुसऱ्याला दारू म्हणून. रांजण तसेच पडून राहिले. सिरसाळ्याच्या भट्टीच्या इतिहासात सडव्याला कुणी इतके दिवस एकटं सोडलं नव्हतं.

आता त्या एकांतात काय झालं, हे अंगणात कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून इथंच सांगून टाकलेलं बरं. विरजण म्हणजे जिवंत खाणावळ. आज त्याला यीस्ट म्हणतात. डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव साखर खातात आणि दारू सोडतात. मोहाच्या फुलातली साखर सुटी, सोपी. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेलं हे विरजण म्हणजे मांडवातला जावई. जिलबी दिसली की तुटून पडायचा, भाकरी दिसली की हात धुवायचा. मोडाच्या ज्वारीत थोडी साखर सुटी असते. बाकीची दोन-दोन, तीन-तीन कड्या जोडलेली. ती आत घ्यायला जिवाच्या अंगावर वेगळं दार लागतं. जावयाला ते नव्हतं.

पण हे जीव वाढताना स्वतःची नक्कल काढतात, आणि नक्कल म्हटली की चूक आलीच. कचेरीतल्या कारकुनाला दोन हुकूम उतरवताना डुलकी लागावी, एकाचं डोकं आणि दुसऱ्याचं शेपूट जोडलं जावं आणि तिसराच हुकूम तयार व्हावा, तसं काहीसं. असले बहुतेक हुकूम रद्दीत जातात. क्वचित एखादा अमलात येतो. या तिन्ही रांजणांना लावलेल्या विरजणात कुठंतरी दोन जुन्या दारांची अशीच मोडतोड होऊन एक नवं दार झालं, आणि त्यातून ती जोडलेली साखर आत जाऊ लागली.

असला एखादा जीव याआधीही जन्मला असेल. पण तो जेवायला बसेपर्यंत तुळजाबाईची पळी येऊन जायची. पळीत यायचे ते वर फेसात नाचणारे, जिलबीवाले. हा सावकाश जेवणारा खाली राहायचा आणि सडव्याबरोबर भट्टीवर उकळून मरायचा. सासूच्या दंडकानं हुशार पोर दर खेपेला चुलीत घातलं होतं. या खेपेला सुतक होतं. जिलबी संपली, जिलबीवाले उपाशी बसले, आणि समोर भरल्या रांजणाचं उरलेलं अन्न असलेला हा एकटाच जेवत राहिला. त्याला पोरं झाली. पोरांना तेच दार होतं.

दहावा झाला. सुतक फिटलं, की घरातली मातीची भांडी फोडायची आणि नवी आणायची. हे फोडणं मनकर्णा दुसऱ्या कुणावर सोडणारी बाई नव्हती. आप्पा गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती गेवराईहून गाडी जुंपून आली होती. हातात कपडे धुवायचं बडवणं घेऊन तिनं आधी पाण्याची मडकी फोडली, मग लोणच्याची, आणि मग ती अंगणात शिरली. तुळजाबाई आवाज ऐकून बाहेर येईपर्यंत दोन रांजण फुटून सडवा ओसरीच्या पायरीपर्यंत आला होता.

वास आला तशी तुळजाबाई थबकली. वास आंबट, कोरडा, झणका होता. नेहमीचा गोडसर नव्हता. ती तिसऱ्या रांजणाशी धावली आणि बोट बुडवून जिभेला लावलं. गोडी नव्हती. तिनं परत बोट बुडवलं. कुठंच नव्हती.

"सर बाजूला, तुळजे."

"वन्सं, ह्यो न्हाई."

"कावून न्हाई? मातीचा हाय का न्हाई?"

"हाय."

"सुतकात घरात होता का न्हाई?"

"अंगनात होता."

"अंगन काय गेवराईत हाय?"

"फोडू दे की," रामकिसन पडवीतून म्हणाला. आप्पाची बाज त्यानं आधीच ताब्यात घेतली होती. "नाहीतरी आपल्याला गेवराईलाच जायचं हाय. आक्कानं ओसरी सारवून ठिवलीया."

तुळजाबाईनं रांजणाला दोन्ही हातांनी मिठी मारली. मनकर्णेनं बडवणं उगारलं. भावजयीला चुकवून रांजण कुठून फोडावा, याचा ती अंदाज घेत होती. तेवढ्यात दारात तट्टू थांबलं आणि त्यावरून दरोगा उतरला.

"साहेब," तुळजाबाई मिठी न सोडता ओरडली, "आधी नळी टाका! मंग काय फोडायचं ते फोडा!"

मुनव्वर अलीनं अंगणातले खापरांचे ढीग, बडवणं आणि बाई पाहिली. मग जे समजतं ते काम आधी करावं, म्हणून नळी काढली. नळी रांजणात गेली. लाल रेघ गेली. नळीचा शेंडा तेवढा वर राहिला. त्यानं नळी पुसून परत टाकली. मग त्याला नळीवरच संशय आला. ती घागरीतल्या पाण्यात टाकून पाहिली. नळी खरं बोलत होती.

"क्या डाले इसमें?"

"धोत्रा," रामकिसन पडवीतून म्हणाला. कुणी ऐकलं नाही, तेव्हा आवाज चढवून म्हणाला, "आन कपिलधारचं पानी! म्हारुद्रआण्णानं सोता आनलंतं!"

भिंतीवरून डोकावणारं महारुद्रचं डोकं एकदम दिसेनासं झालं.

"एकदा बुडली म्हणजे नसीब," दरोगा म्हणाला. "दुसऱ्यांदा बुडली तर कारागिरी. बाई, याच विरजणानं माझ्यासमोर नवा रांजण लावा. मी चावडीत मुक्काम करतो. बुडली तर भट्टी तुमची."

"नळी बुडू द्या न्हाई तर दरोगा बुडू द्या," मनकर्णा म्हणाली. "रांजन फुटनार. सुतकाचा हाय."

मुनव्वर अलीनं पेटीतून लाख काढली, रांजणावर कापड बांधलं आणि मोहर उठवली. "हा आता सरकारी नमुना. सरकारला सुतक नाही."

"कसं न्हाई?" मनकर्णेनं बडवणं खाली टेकवलं, याचा अर्थ आता ती खरी भांडणार होती. "आमचा आप्पा चावडीवर शिपाई होता. सरकारचं मीठ खाल्लं त्यानं. आपला मानूस मेला तर धन्याला सुतक न्हाई?"

आता अंगण भरलं होतं. गर्दीतल्या म्हाताऱ्यांना हा मुद्दा पटला. मग सरकारनं डोकं भादरायचं का, असा एक रास्त प्रश्न मागून आला. मुनव्वर अलीनं आबकारीचे कायदे मनातल्या मनात उलटेपालटे केले. नोकर मेल्यावर सरकार विटाळतं की नाही, यावर त्यांत एक ओळ नव्हती. त्यानं मनकर्णेला हसून मोडीत काढलं असतं तर विषय संपला असता. पण तो टापटिपीचा माणूस होता, आणि मुद्दा नीट मांडलेला होता. उठवलेली मोहर काढायला त्याचा हात परत जाऊ लागला.

"आप्पाला चाकरीवरनं काढलंतं," तुळजाबाई म्हणाली.

दरोग्याचा हात थांबला.

"कशापायी?" दरोग्यानं विचारलं.

"चावडीत कुनी अंमलदार मुक्कामाला आलते. त्येंचं जेवान झाकून ठिवलंतं. आप्पानं खाल्लं. म्हनला, उरलंय वाटलं."

मनकर्णेनं भावाकडं पाहिलं. हे खोटं आहे, एवढं म्हणायचं काम रामकिसनचं होतं, आणि खोटं बोलण्यात त्याला आजवर अडचण आली नव्हती. पण आप्पाच्या बाजेवर बसून त्याला काय वाटलं कोण जाणे.

"काढलंतं, आक्का," तो म्हणाला. "ताटबी चाटून ठिवलंतं त्यानं."

"बरतरफ!" मुनव्वर अलीचा चेहरा उजळला. "म्हणजे सरकारचा संबंध तुटला. सुतक लागत नाही."

म्हाताऱ्यांना हेही पटलं. मनकर्णेनं बडवणं भिंतीला लावून ठेवलं, पण रांजणाकडं पाठ करून बसली, म्हणजे तो तिला दिसला असं होऊ नये.

कुंभाराकडून नवा रांजण आला. मोडाच्या ज्वारीचं गोड पाणी त्यात गेलं. दरोग्यानं नमुन्यावरची मोहर काढली. तुळजाबाई पळी घेऊन त्या रांजणावर वाकली आणि तिच्या लक्षात आलं, की वर काढण्यासारखं काही नाही. फेस केव्हाच मेला होता. बुडाशी बोटभर राखट गाळ होता, अगदी म्हातारं विरजण. सासू असती तर तिनं पळी हिसकावली असती. दुसरं काही नव्हतंच, म्हणून तिनं तो गाळ खरवडला आणि नव्या रांजणात सोडला.

फेस चढला, फेस बसला. दरोग्यानं नळी टाकली. तरंगली.

"बघा," मनकर्णा म्हणाली. "गाडी जुंपायला सांगू का?"

"उद्या बघू," तुळजाबाई म्हणाली.

त्यात कसलं ज्ञान नव्हतं. गाडीत बसायचं एक दिवस लांबावं, एवढंच तिला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी कान लावला तर रांजण बोलत होता. मोठ्यानं नाही, पोट भरत आलेल्या माणसासारखा, सावकाश. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मुनव्वर अली रोज चावडीतून येऊन नळी टाकायचा, आणि रोज ती थोडी खाली बसलेली असायची. लाल रेघ पाण्याखाली गेली तेव्हा त्यानं नळी पुसली, कापसात गुंडाळली आणि पेटी बंद केली.

"भट्टी तुमची, बाई."

मनकर्णा एकटीच गेवराईला गेली. जाताना मात्र तिनं निकाल देऊन टाकला: रांजणात आप्पाचा जीव गेलाय. दुसऱ्यानं टाकलेलं खायचं आणि बुडापर्यंत खरवडायचं, ही रीत तिच्या माहितीत दुसऱ्या कुणाचीच नव्हती. रामकिसननं गिऱ्हाइकांना धोत्र्याचं सांगितलं. महारुद्रला आपल्या पाण्याचा गुण आला म्हणावं तर दारूत आला, न म्हणावं तर कपिलधारचा अपमान. तो त्या विषयावर जन्मभर गप्प राहिला. दरोग्यानं वर कळवलं, की सिरसाळ्यात ज्वारी हुकुमाप्रमाणं आंबली.

तुळजाबाईनं कुणाशी वाद घातला नाही. त्यानंतर मात्र तिच्या अंगणात विरजण फेसावरचं घेतलं गेलं नाही. मोडाची ज्वारी रांजणात पडली, फेस गळ्याशी आला, की रामकिसन पळी घेऊन उठायचा.

"बस खाली," ती म्हणायची. "आप्पाचं जेवान व्हायचंय."

मग दोघं कान लावून बसायचे, आणि रांजणाच्या बुडाशी कुणीतरी खरवडत असायचं.